गोरेवाड्याची सफारी : सुटीच्या पहिल्या दुपारी

प्रवासाहून आलेल्या दिवशी कुठेही जायचे नाही, जेवायचे आणि झोपायचे, असा माझ्या यजमानांचा जुना सातारी नियम आहे. आणि गावात पोहोचल्यावर संध्याकाळपर्यंत खोलीत पडून राहणे म्हणजे सुटीचा एक दिवस फुकट घालवणे, असे माझे नागपुरी मत आहे. या दोहोंत तडजोड म्हणून आम्ही डिसेंबरातल्या सुटीची पहिली दुपार नागपूरच्या गोरेवाडा प्राणी उद्यानातल्या सफारीला दिली. तिच्याबद्दल मी आधी जी मते ऐकली होती ती दोनच प्रकारची होती : ताडोबा पाहिलेल्याने तिकडे फिरकू नये, हे एक, आणि मुलांना अवश्य न्या, वाघ नक्की दिसतो, हे दुसरे. आम्ही ताडोबा दोनदा पाहिलेला आहे आणि आमच्याबरोबर मुले नव्हती. म्हणजे दोन्ही मतांप्रमाणे ही जागा आमच्यासाठी नव्हती. तरीही दुपार फार चांगली गेली, आणि ती तशी का गेली हे नीट सांगितले तर आमच्यासारख्या इतर जोडप्यांना उपयोग होईल, असे वाटल्यावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडलेले आहोत. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेल्यानंतरची आमची ही पहिलीच सुटी. म्हणजे कुणाची भूक, कुणाचा अभ्यास आणि कुणाचा कंटाळा न सांभाळता केलेला बऱ्याच वर्षांतला पहिला प्रवास. माझे बालपण धरमपेठेत गेले, लग्नानंतर मी पुण्याला आले, आणि धाकटा भाऊ आता मनीषनगरला राहतो. माहेर असलेल्या गावात हॉटेलात उतरायचे ठरवले तेव्हा मला दोनदा फोन करून समजूत घालावी लागली, आणि दुसऱ्या फोनवर भावजयीने "ताई, राहा तुम्ही कुठेही, पण रात्रीचे जेवण इकडेच" असे बजावून तो विषय संपवला.

त्यात दिवस अधिवेशनाचे होते. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे राज्य विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरते, आणि ते हिवाळ्यात भरत असल्यामुळे डिसेंबरात सिव्हिल लाइन्सच्या बाजूचे रस्ते अडलेले, मोर्चे निघालेले आणि हॉटेले भरलेली असतात. आमच्या हॉटेलाचे नाव लिहीत नाही. बारा वाजता मिळायची खोली आम्हाला दोन वाजता मिळाली, एवढेच नोंदवते. बाहेरगावच्या वाचकांनी अधिवेशनाच्या तारखा आधी पाहून मगच नागपूरची तिकिटे काढावीत. खोली मिळेपर्यंत आम्ही सामान खाली ठेवून जेवून आलो होतो, त्यामुळे खोलीत जाऊन नुसते तोंड धुतले आणि तसेच निघालो. यांच्या नियमातला जेवणाचा भाग पाळला गेला होता, झोपेचा राहिला होता.

गोरेवाडा शहराच्या वायव्येला आहे आणि सफारीला काटोल रस्त्याने जावे लागते. नागपूरची मेट्रो वर्धा रस्ता, कामठी रस्ता, हिंगण्याची बाजू आणि पूर्व नागपूर यांना जोडते, काटोल रस्त्याला नाही. त्यामुळे ऑटो, टॅक्सी किंवा स्वतःचे वाहन हाच मार्ग उरतो. सीताबर्डीहून आम्हाला साधारण अर्धा तास लागला. जुन्या नागपूरकरांना गोरेवाडा हे नाव वाघांआधी पाण्यामुळे ठाऊक आहे. शहर अंबाझरीच्या तलावावर अवलंबून होते, ते पाणी पुरेनासे झाल्यावर १९१२ मध्ये गोरेवाड्याचा तलाव बांधला गेला, आणि पुढे पेंचचे पाणी आले तेव्हा त्याचे शुद्धीकरणही याच भागात होऊ लागले. तलावाभोवती राखलेले रान शहराच्या इतके जवळ असूनही टिकले, त्याचे एक कारण हे पाणी असावे, असा माझा अंदाज आहे. सुमारे १,९०० हेक्टरांचा हा प्रदेश प्राणी उद्यानासाठी वन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आला, आणि त्यातली 'भारतीय सफारी' २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. उद्यानाचे पूर्ण नाव बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यान असे आहे, परंतु ऑटोवाल्याला 'गोरेवाडा सफारी' एवढेच सांगावे. नुसते 'गोरेवाडा' म्हटल्यास तो गावाकडे किंवा तलावाच्या बाजूला नेण्याची शक्यता आहे, आणि ते प्रवेशद्वार वेगळे आहे.

येथे वाघ, बिबट, अस्वल आणि तृणभक्षी प्राणी अशा चार सफारी आहेत. चारही भाग स्वतंत्रपणे कुंपणाने बंद केलेले आहेत आणि उद्यानाची बस एकामागून एक चारही भागांतून फिरवून आणते. स्वतःची गाडी आत नेता येत नाही, पायी उतरता येत नाही, फेरीचा मार्ग ठरलेला आहे आणि वेळही ठरलेली आहे. ज्यांना सफारी म्हटल्यावर उघडी जिप्सी, वाटाड्या, पाणवठ्यावरची वाट पाहणे आणि चितळाच्या इशाऱ्याकडे लागलेले कान आठवतात, त्यांना हे वर्णन निरुत्साही वाटेल. माझे म्हणणे असे की, ही तुलनाच चुकीच्या जागेशी केली जाते. गोरेवाड्याची सफारी रचनेने ताडोब्यापेक्षा एखाद्या थीम पार्कमधल्या फेरीला अधिक जवळची आहे, आणि तिच्याकडे त्याच नजरेने पाहावे.

या रचनेचा इतिहास मोठा मौजेचा आहे. प्राणी गजांआड न ठेवता खंदकापलीकडे मोकळे ठेवायचे आणि तो खंदक प्रेक्षकाच्या नजरेला पडू द्यायचा नाही, ही युक्ती कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने हॅम्बुर्गजवळच्या आपल्या उद्यानात १९०७ मध्ये लोकांपुढे आणली. पुढे १९६६ मध्ये इंग्लंडात लाँगलीट येथे ती उलटी झाली : सिंह मोकळे आणि माणसे मोटारीत बंद. १९९८ मध्ये फ्लोरिडात डिस्नेचे ॲनिमल किंगडम उघडले, तेव्हा त्यातल्या किलिमांजारो सफारीमध्ये या दोन्ही कल्पना एकत्र आल्या. तिथे खरे प्राणी आहेत, खडबडीत रस्ता मुद्दाम तसा बनवलेला आहे, कुंपणे आणि खंदक झाडीत दडवलेले आहेत, आणि प्रवासी वीस मिनिटांत आफ्रिका पाहून पुढच्या फेरीच्या रांगेत उभे राहतात. माझ्या लहानपणी प्राणी पाहायचे म्हणजे महाराजबागेत जायचे. ते प्राणिसंग्रहालय १८९४ सालचे, कृषी विद्यापीठाच्या देखरेखीखालचे आणि आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावरचे. तिथे वाघ आणि आम्ही यांच्यामध्ये गज असत, आणि कोण बंद आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका नसे. गोरेवाड्याच्या बसमध्ये बसल्यावर ही शंका पहिल्यांदा आली, ती फाटकापाशी.

ते फाटक हा या फेरीतला मला सर्वांत आवडलेला भाग आहे, असे सांगितले तर वाचक हसतील. प्रत्येक भागाच्या तोंडाशी एकापाठोपाठ एक अशी दोन फाटके असतात. पहिले उघडते, बस आत शिरते, मागे ते पूर्ण बंद होते, आणि त्यानंतरच समोरचे दुसरे सरकू लागते. दोन्ही एकाच वेळी उघडी राहू नयेत, म्हणजे आतला प्राणी बाहेर पडू नये, हा त्यामागचा साधा हिशेब आहे. परंतु त्या दोन फाटकांच्या मध्ये बस उभी असते त्या अर्ध्या मिनिटात सगळी बस गप्प होते. मोठ्या शहरांतल्या मनोरंजन उद्यानांत रोलर कोस्टरची साखळी गाडीला वर ओढत नेत असते, तेव्हा जी शांतता पसरते, ती मला इथे जमिनीवर अनुभवायला मिळाली. नंतर वाघ दिसो वा न दिसो, त्या अर्ध्या मिनिटाचे पैसे तिथेच वसूल होतात.

आमची बस साडेतीनच्या सुमारास निघाली आणि फेरीला तासाभराच्या आत-बाहेर वेळ लागला. बसमध्ये एक मोठे कुटुंब कळमेश्वरच्या बाजूचे होते, शाळेच्या वयाची चार मुले, त्यांचे आईवडील आणि पांढरे धोतर नेसलेले आजोबा. तृणभक्षी प्राण्यांच्या भागात गवत पिकून पिवळे झाले होते आणि सागाची पाने कडांनी तांबूस होऊ लागली होती. त्या गवतातून एक रोही सावकाश चालत रस्त्यापाशी आला आणि बसकडे पाहत उभा राहिला. यांनी पुस्तकी शब्द वापरून 'नीलगाय' म्हटले, आणि हा नर आहे म्हणून रंग निळसर, मादी तपकिरी असते, अशी माहितीही मला दिली. पुढच्या बाकावरचे आजोबा त्या जनावराकडे बराच वेळ टक लावून पाहत होते. मग ते मुलाकडे वळून म्हणाले, "आपल्या हरभऱ्याचे खरे मालक हेच हायत बाप्पा, अन् इथं तिकीट काढून पाहा लागते!" सगळी बस हसली, चालकही हसला. विदर्भात रोह्यांचे कळप शेतात शिरले की रातोरात पीक साफ होते, आणि रात्री जागल करणे हे शेतकऱ्याच्या हिवाळ्याचे एक कामच होऊन बसले आहे. त्या एका वाक्यानंतर ही जागा मला केवळ शहरातल्या लोकांची करमणूक वाटेनाशी झाली.

चितळ आणि सांबर दिसले, पण त्यांच्यावर मी वेळ घालवत नाही. ते पेंचमध्ये रस्त्याच्या कडेलाही दिसतात. अस्वलाविषयी मात्र लिहायला हवे. जंगलात अस्वल दिसले तर बहुधा पाठमोरे, काळ्या गाठोड्यासारखे झाडीत नाहीसे होताना दिसते. इथे ते बसपासून फार दूर नसलेल्या एका वारुळाशी काम करीत होते आणि त्याला आमच्याशी काही देणेघेणे नव्हते. आधी लांब वाकड्या नखांनी माती उकरायची, मग तोंड भोकाला लावून आधी फुंकर मारायची आणि नंतर ओढून घ्यायचे, असा क्रम चालला होता, आणि त्या ओढण्याचा आवाज बसचे इंजिन बंद केल्यावर स्पष्ट ऐकू येत होता. अस्वलाच्या वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात, आणि त्या फटीतून वाळवी ओढून घेणे त्याला सोपे जाते, हे मी वाचले होते; पण तो आवाज एखाद्याने बशीतला चहा भुरकावा इतका घरगुती असेल, असे वाटले नव्हते. याच नखांमुळे १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याची गणना चुकून स्लॉथ या दक्षिण अमेरिकेतल्या आळशी प्राण्यांत केली, आणि इंग्रजी नावात ती चूक आजतागायत राहून गेली आहे. आमच्यासमोरचे अस्वल आळशी मुळीच नव्हते. सगळ्या बसमध्ये त्या वेळी काम करणारे ते एकटेच होते.

बिबट दिसला नाही. म्हणजे चालकाने एका झाडाच्या फांदीकडे बोट दाखवले, मुलांनी 'दिसला, दिसला' म्हणून घोष केला, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली. कुंपणातला बिबटही दडायचे ठरवले तर दडतो, आणि मला त्यात उलट समाधान वाटले. शिवाय कुंपणाच्या बाहेर, गोरेवाड्याच्या मोकळ्या रानातही बिबटे आहेतच. त्यांना तिकीट नाही आणि फाटकही नाही, आणि या भागातल्या वसाहतींत राहणाऱ्यांना त्यांची सवय करून घ्यावी लागते.

वाघाच्या भागात बस शिरली तेव्हा ऊन कलू लागले होते. डिसेंबरात नागपूरला सूर्य साडेपाचच्या पुढे मावळतो आणि चारनंतरचे ऊन तिरपे होऊन गवतावर असे पडते की, पिवळ्या गवतातली पिवळी पाठ शोधायला डोळे ताणावे लागतात. वाघ एका झाडाखाली बसकडे पाठ करून आडवा पडला होता. कान तेवढे हलत होते. चालकाने इंजिन बंद केले आणि कोणीही ओरडू नये, अशी हलक्या आवाजात सूचना केली. ती पहिली दोन मिनिटे पाळली गेली; मग मागच्या बाकांवरून 'ए वाघोबा', 'इकडे बघ' अशा हाका सुरू झाल्या आणि सगळे मोबाइल जाळीला चिकटले. माझी खरी तक्रार असेल तर ती या सहप्रवाशांविषयी आहे. ताडोब्यात पाच तासांच्या भटकंतीनंतर वाघ दिसला तर माणसे आपोआप श्वास रोखतात; इथे तो दिसणारच हे ठरलेले असल्याने त्याने काहीतरी करून दाखवावे, अशी अपेक्षा तयार होते. तिकीट वाघ दिसण्याचे आहे, वाघाने खेळ करण्याचे नाही, हे फेरी सुरू होण्याआधी पालकांनी मुलांना आणि मुलांनी पालकांना समजावून सांगितले पाहिजे.

हाका ओसरल्या, वाघ तसाच राहिला, आणि बस थांबूनच होती. खिडकीतून ऊन मांडीवर येत होते. मी शेजारी पाहिले, तर आमचे हे जाळीला डोके टेकवून शांत झोपी गेले होते. रात्रीचा रेल्वेचा प्रवास, दुपारचे जेवण आणि हे ऊबदार ऊन. नियमाचा उरलेला अर्धा भाग आपसूक पाळला गेला होता. मी त्यांना उठवले नाही. एकीकडे वाघ आणि एकीकडे हे, दोघेही माझ्याकडे पाठ करून निजलेले, असा देखावा मला किती तरी वेळ पाहायला मिळाला, आणि खरे सांगायचे तर सुटीवर आल्याची जाणीव मला त्या क्षणी प्रथम झाली. पुढे कसला विचार करायचा नव्हता. नंबर लावायचा नव्हता, दुसऱ्या गेटची गाडी पकडायची नव्हती, 'सायटिंग' हुकेल म्हणून धडधड नव्हती. मग वाघ उठला. आधी पुढचे पाय लांब करून आळस दिला, मान वळवून बसकडे एकदा पाहिले, आणि पाण्याच्या दिशेने, कुणाचीही दखल न घेता, सावकाश चालत गेला. चालताना खांद्याची हाडे कातडीखाली वरखाली होत होती. सगळी बस उभी राहिली. यांची झोप मोडली नाही.

येथील काही प्राण्यांच्या मागे दुखऱ्या गोष्टी आहेत, हे जाणून सफारीला गेल्यास नजर बदलते. याच परिसरात २०१५ पासून वन्यजीव बचाव केंद्र चालते, आणि जखमी झालेले, विहिरीत पडलेले, माणसांशी संघर्ष झालेले किंवा आईविना सापडलेले प्राणी तिथे आणले जातात. शिकाऱ्यांच्या सापळ्यात पंजा गमावलेला साहेबराव हा वाघ याच केंद्रात होता; जानेवारी २०२० मध्ये त्याला कृत्रिम पंजा बसवण्याचा प्रयत्न डॉक्टरांनी केला आणि त्याने तो काढून टाकला. ती बातमी वाचताना मला त्याच्याविषयी वाईट वाटण्याऐवजी आदरच वाटला होता. २०२४ च्या डिसेंबरअखेर याच केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट एच५एन१ या पक्ष्यांच्या फ्लूने दगावले, आणि त्यानंतर काही काळ प्रवेश बंद ठेवावा लागला. म्हणून फाटकापाशी पादत्राणांच्या निर्जंतुकीकरणाची किंवा खाद्यपदार्थ बाहेर ठेवण्याची सूचना झाली, तर ती कटकट समजू नये. आपण चार घटका बसमध्ये बसून परत जातो. त्या जनावरांना तिथेच राहायचे असते.

आता जाण्यापूर्वी उपयोगी पडतील अशा गोष्टी. सोमवारी उद्यान बंद असते, आणि ताडोबा मंगळवारी. ज्यांना दोन्ही जोडून करायचे आहे त्यांनी हा हिशेब आधी मांडावा. बस वातानुकूलित आणि साधी अशा दोन प्रकारच्या असतात व तिकीट त्याप्रमाणे कमी-जास्त पडते. हिवाळ्यात साधी बस घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बंद काचेतून अस्वलाच्या भुरक्या ऐकू येणार नाहीत. उन्हाळ्याची गोष्ट निराळी. नागपूरचे तापमान २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेले होते. तेवढे दरवेळी जात नाही, पण एप्रिल-मेमध्ये पंचेचाळीस म्हणजे काही विशेष नव्हे, आणि त्या दिवसांत दुपारच्या सफारीचे धाडस नवख्याने करू नये, सकाळची पहिली फेरी घ्यावी. पावसाळ्यात रान सुंदर दिसते आणि प्राणी दिसत नाहीत. छायाचित्रांची हौस असलेल्यांनी बसच्या खिडकीला जाळी असते हे लक्षात ठेवून यावे. मोबाइल जाळीच्या भोकापाशी धरला तर चित्र बरे येते, मोठ्या भिंगाचा कॅमेरा मात्र हॉटेलातच ठेवावा. मी हिवाळी दुपारी स्वेटर नेला नाही आणि परतताना थंडी वाजली, हा माझाच दोष. नागपूरचा गारवा पाच वाजता अंगाला येऊन भिडतो, हे पुण्यात राहून मी विसरले होते.

कुणी येऊ नये हेही सांगते. पहिल्यांदाच जंगल पाहणार असाल आणि हाताशी दोन दिवस असतील, तर आधी पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडला करावे. इथला वाघ आधी पाहिल्यास तिथला न दिसणारा वाघ तुम्हाला फसवणूक वाटेल. उलट क्रम आमच्यासारख्यांना चालतो, कारण आमचे जंगलाशी आता काही येणे बाकी नाही. दिवसभराची सहल म्हणून येणाऱ्यांचीही थोडी निराशा होईल, कारण फेरी संपली की मुख्य कार्यक्रम संपतो. आफ्रिकन सफारीचा टप्पा योजनेत आहे. तो पूर्ण झाल्यावर दिवस भरेल. आज मात्र ही अर्ध्या दुपारची जागा आहे, आणि सुटीच्या पहिल्या दिवशी माणसाकडे नेमकी अर्धीच दुपार असते.

परतीची व्यवस्था आधी करून ठेवावी, हा आमच्या अनुभवाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. आम्ही मोबाइलवरून टॅक्सी मागवली. ज्या कंपनीची ती होती तिचे नाव घेत नाही. दोन चालकांनी 'कुठे जायचे' एवढे विचारून फेरी रद्द केली आणि तिसरा आलाच नाही. जाताना आणलेल्या ऑटोलाच थांबायला सांगून ताटकळण्याचे पैसे दिले असते, तर ते स्वस्त पडले असते. सुमारे पाऊण तास आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. तिथेच एक बाई पोत्यावर संत्र्यांचा ढीग मांडून बसल्या होत्या. हा काटोलचा रस्ता, आणि काटोल-नरखेडचा पट्टा म्हणजे संत्र्यांचे आगर. डिसेंबरात आंबिया बहाराचा माल उतरलेला असतो, आंबटगोड आणि पाणीदार. पुण्याच्या मंडईत मेण लावल्यासारखी चकाकणारी जी फळे मिळतात, त्यांच्याशी या खरबरीत, सैल सालीच्या संत्र्यांचे नाते सांगावे लागते. आम्ही एक किलो घेतली आणि ऑटो येईपर्यंत निम्मी संपवली. बाईंनी साली टाकायला एक पिशवी पुढे केली आणि वाघ पाहिला का, असे विचारले. "पाहिला ना," असे यांनी ताबडतोब सांगितले.

भावाकडे पोहोचायला साडेसात वाजले. पाटवडी रस्सा तयार होता, आणि रस्सा वाढता वाढता भावजयीने वाघाची चौकशी केली. यांनी झाड, ऊन, हलणारे कान, मागून ओरडणारी माणसे, असे सगळे तपशीलवार सांगितले.

"अन् उठला नाही का तो?" भावाने विचारले.

"छे! सबंध वेळ झोपूनच होता," यांनी ठामपणे उत्तर दिले.

मी आणखी एक वाटी रस्सा मागितला.